अत्तर लावलेला हात

सौदीतल्या ताइफच्या प्रयोगशाळेत जौहरा खालाच्या गुलाबतेलाचा आलेख पाहून बुथैना हबकली. एक उपरं शिखर डोकं वर काढत होतं. "भेसळ आहे. परत पाठव," साहेब म्हणाले. खाला बाहेर बसली होती. बागेचा अख्खा हंगाम त्या बाटलीत होता. बुथैनाने तेलातले घटक वेगळे करून दाखवणारा क्रोमॅटोग्राफ तेलाशिवायच चालवला. तरीही शिखर आलं. म्हणजे भूत यंत्रातच होतं. कपाळावर हात मारताना तिला उदाच्या अत्तराचा वास आला. सकाळी खालाने रिवाजाप्रमाणे तिच्या हाताला अत्तर लावलं होतं आणि त्याच हाताने तिने यंत्रातली काचनळी बदलली होती. हातमोजे घालून नवी नळी बसवल्यावर आलेखात निव्वळ गुलाब उरला. "खाला, तेल शुद्ध आहे. चूक माझ्या हातांची." "ते हात सलामत राहोत, पोरी." खालाने डोळे पुसत पुन्हा अत्तराची कुपी काढली. बुथैनाने हातमोजे उतरवून दोन्ही हात पुढे केले.