अर्लचं कडवं

केंटकीच्या डोंगरातल्या जत्रेत हॉलिसच्या बँडनं भर दुपारी ते गाणं म्हटलं. कोळशाच्या खाणीत दरड कोसळते, आत गेलेला नवरा वर येत नाही आणि बायको त्याची वाट पाहत दारात उभी राहते. पुढे काय झालं, ते गाण्यात नव्हतं. शेवट असा मोकळा सोडल्याबद्दल हॉलिसचं फार कौतुक व्हायचं.

वाद्यं आवरत असताना डेल्फिया नावाची एक म्हातारी लेकीचा हात धरून मंचापाशी आली.

"पोरा, तो घरी आला का रे?"

"गाणं तिथंच संपतं, आजी. पुढचं ऐकणाऱ्यानं ठरवायचं."

"मी जन्मभर तेच करतेय. माझ्या अर्लला कुणी वर काढलंच नाही, खाणीचं तोंडच बुजवून टाकलं. गाणं तुझं आहे, तूच सांग."

हॉलिसनं गिटार पुन्हा गळ्यात अडकवली आणि उभ्या उभ्या एक कडवं रचून गायलं. नवरा घरी येतो, विहिरीपाशी काळे हात धुतो, 'उशीर झाला गं' म्हणतो आणि खाटेवर शांत झोपी जातो.

डेल्फिया रडली नाही. बराच वेळ ती मान हलवत राहिली. हॉलिसनं नकळत डोक्यावरची टोपी काढली.

मग ती लेकीला म्हणाली, "तुझा बाप आलाय. पाद्रीबाबांना सांग, आता त्याला पुरायचंय."