एकाच फोनवरून

“या पानावर नुसता फोटो आहे. माझा फोन ‘चित्र’ म्हणतो आणि गप्प बसतो,” शर्वाणी म्हणाली. तिला दिसत नाही. विद्यापीठाची वेबसाइट ती ऐकून तपासते.

प्रत्येक पानाचं एकेक कार्ड करून आम्ही टेबलावर गठ्ठे लावत होतो: ठेवायची, काढायची. ग्रंथालयात पस्तीस वर्षं मी पुस्तकं लावली, म्हणून मलाही बोलावलं होतं. हे कार्ड माझ्या मुलाच्या स्मृतिपारितोषिकाचं होतं. तिथं कुणाला ते ठाऊक नव्हतं.

“नऊ वर्षांत एकही अर्ज नाही,” वेबसाइट सांभाळणाऱ्या गंधारनं आकडे पाहिले. “पान मात्र रोज सकाळी उघडतं, एकाच फोनवरून. कोण रिकामटेकडा आहे कोण जाणे!”

सगळे हसले. मीही हसले आणि माझा फोन पर्समध्ये टाकला.

“काकू, फोटोत काय आहे? पान ठेवायचं तर वर्णन लिहावं लागेल,” शर्वाणी म्हणाली.

“एक मुलगा आहे. पांढरा शर्ट, नीट पाडलेला भांग.” स्टुडिओत जाताना तो मीच पाडून दिला होता, ते सांगितलं नाही.

दहा वर्षं कुणी न नेलेली पुस्तकं मी स्वतःच रद्दीत काढत असे. कार्ड ‘काढायची’वर ठेवलं आणि पुढचं उचललं.