सव्वा महिन्याचं जाकीट

मृण्मयीचं बाळ दुपारपासून प्यायलं नव्हतं. तिच्या छातीत धस्स झालं, की अंगातलं मालिशचं जाकीट लगेच पाठीवरून हात फिरवायचं, अगदी आईसारखा, आणि सगळी काळजी विरून जायची.

संध्याकाळी नणंद रेवती आली. तिने बाळाला उचललं. "वहिनी, अगं केवढा तापलाय हा! तुला कळलं नाही?"

"कळलं ना. चार वेळा कळलं."

"आधी ते जाकीट काढ."

सासूबाई आडव्या आल्या. "सव्वा महिना होईपर्यंत बाळंतिणीच्या अंगावरचं काही काढायचं नसतं."

रेवती बाळाला घेऊन दवाखान्यात धावली. मृण्मयी तिच्यामागे दारापर्यंत गेली. पाठीवरून हात फिरला. मग ती परत आली आणि पाळण्यातलं झबलं उचलून शांतपणे त्याची घडी घालू लागली.