पहिली सासुरवाडी

हार्बिनहून निघालेली गाडी सुट्टीला घरी जाणाऱ्या माणसांनी खच्चून भरली होती. निनादचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. चिनी नववर्षाला तो पहिल्यांदाच सासुरवाडीला निघाला होता. परदेशी माणसाशी लग्न केलं म्हणून सासऱ्यांनी तीन वर्षं लेकीशी बोलणं टाकलं होतं. सासूबाईंनीच चोरून दोघांना बोलावलं होतं.

“बाबांनी दारातूनच हाकललं तर?” त्याने पुन्हा विचारलं.

“तर पुढच्या गाडीने परत,” त्याची बायको शुलान म्हणाली. पण ती सारखी हातमोजे काढत होती, घालत होती.

गावच्या स्टेशनवर उतरताच थंडीने कान सणकले. समोर सासूबाई नव्हत्या, सासरे उभे होते. निनाद पाठ केलेलं अभिवादन साफ विसरला.

म्हाताऱ्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग स्वतःची केसाळ कानटोपी काढून त्याच्या डोक्यावर घट्ट ओढून बसवली.

“अक्कल गहाण टाकलीस का?” तो लेकीवर कडाडला. “अशा थंडीत जावयाला बोडक्यानं आणतात?”

बापाची बोलणी खाताना शुलान रडत होती आणि हसतही होती. म्हातारा मात्र दोन्ही बॅगा उचलून, बडबडत पुढे निघालाही होता.