लग्नाची एफडी

चैताली अठरा वर्षांची झाली आणि जयरामने तिच्या लग्नासाठी साठवलेल्या पैशांची तिच्या नावावर एफडी केली. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी पोरीने त्या एफडीवर विद्यार्थ्यांसाठीचं क्रेडिट कार्ड काढलं, तेव्हा घर डोक्यावर घेतलं त्याने.

"काय घेणारेस गं त्या कार्डावर?"

ती महिन्याला कार्डावर बसचा पास काढायची आणि तारखेच्या आत बिल भरून टाकायची, त्यामुळे पुढे तोही विसरून गेला.

दुसऱ्या वर्षाला चांदवडचं स्थळ आलं. जयरामने पोरीला न विचारताच होकार कळवला आणि एफडी मोडायला तिला सिडकोतल्या बँकेत घेऊन गेला.

"या एफडीवर कार्ड दिलंय," काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या. "ते चालू आहे तोवर मोडता येणार नाही. बंद करायचं तर मुलीची सही लागेल."

जयरामने पेन पोरीपुढे सरकवलं. तिने ते उचलून मॅडमना परत दिलं.



"पप्पा, कार्डावर काय घेणार, विचारलं होतं ना? डिग्रीपर्यंतचा वेळ घेतलाय."