दहापैकी किती

जरा जीभ दातांवरून फिरवून बघा. कुठे दुखतंय का? नाही ना? आता असं समजा, की प्रत्येक दाताला एक बारीक कडी चिकटवली आहे, सगळ्या कड्यांतून एक तार ओवली आहे, आणि आजच सकाळी दातांच्या डॉक्टरांनी ती तार करकचून आवळली आहे. आता दात दातांवर टेकवा. अगदी हलकेच. जमलं? खारूताईला तेवढंसुद्धा जमत नव्हतं.

खारूताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पेन्सिलीचं टोक, पेनाचं टोपण, फ्रॉकचा पट्टा, हाताला लागेल ते ती कुरतडायची, म्हणून आईने ठेवलेलं. आज मात्र ही खार स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गालाला गार रुमाल लावून बसली होती, आणि समोरच्या वाटीत दुधात कुस्करलेलं केळं काळं पडत चाललं होतं.

आई हॉस्पिटलात नर्स. तिची तिथली पद्धत घरातही चाले. कुणाचं काही दुखलं की ती विचारायची, "दहापैकी किती?" मिळालेला आकडा फ्रिजवरच्या कागदावर लिहायचा, शेजारी वेळ टाकायची. आकडा खोटा सांगायचा नाही. खोट्या आकड्यावर खरं औषध देता येत नाही. आणि लिहिलेलं गिरगटायचं नाही. चुकलं तर त्यावर एक सरळ रेघ मारायची, शेजारी बरोबर काय ते लिहायचं आणि सही करायची.

कागदावर सकाळपासून तीन आकडे होते. चार. पाच. सहा.

"आई, अजून एक गोळी दे ना."

"बारा वाजता दिलीय. आता सहाच्या आत नाही."

"अर्धी?"

"अर्धीसुद्धा नाही."

"तिकडे एवढ्या लोकांना बरं करतेस. माझंच नाही येत तुला?"

आईने रुमाल पुन्हा गार पाण्यात बुडवून पिळला. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या झाल्या होत्या. टोचणाऱ्या तारेवर मेण लावून झालं होतं. होतं नव्हतं ते सगळं करून झालं होतं.

"दात सरकतायत गं. सरकताना दुखणारच. दोन दिवस साधारण."

"तुझं साधारण म्हणजे तीन."

आईला हसू आलं, पण तेवढ्यात फोन वाजला.

"हो, मोठ्या सिस्टर... अहो, पण आज येत नाही म्हणून कळवलंय मी. लेकीची तार आवळलीय... दोघी आल्या नाहीत? मग वॉर्डात कोण आहे?... ती नवीन मुलगी? एकटी?... पेशंट किती?... अठ्ठावीस." मग ती बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. "लेकीला विचारते. पाचाच्या खाली असेल तर निघते."

पाचाच्या खाली. खारूताईने ते नीट ऐकलं. दाढेपासून कानापर्यंत ठसठसत होतं. बाबा परगावी होते, परवा यायचे होते. आईच्या मांडीवर डोकं ठेवलं तरी दुखणं कमी होत नव्हतंच, पण निदान तिथे एकटीने दुखत बसावं लागत नव्हतं. आणि ती नवीन मुलगी तिला ठाऊक होती. मागे एकदा घरी आली होती, चहा गार होईपर्यंत याच टेबलाशी रडत बसली होती.

आई तिच्यासमोर उकिडवी बसली.

"खरं सांग. दहापैकी किती?"

खारूताईने जीभ तारेवरून एकदा फिरवली.

"चार."

"मघाशी सहा होतं."

"उतरलं."

"मग एक घास खा बघू."

खारूताईने चमचाभर केळं तोंडात घेतलं. ते जिभेवरच ठेवलं, दातांना लागू दिलं नाही, आणि छताकडे बघत गिळलं.

"बघ. खाल्लं."

आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "बरं," ती शेवटी म्हणाली. "चार तर चार."

मग तिची घाई सुरू झाली. खालच्या काकू तासातासाने येऊन बघतील. सहाची गोळी त्याच देतील. केळं नको असेल तर सूप आहे, कोमट कर, गरम नको. दारापर्यंत जाऊन ती दोनदा परत आली, एकदा रुमाल बदलायला आणि एकदा उगीचच. जाता जाता फ्रिजपाशी थांबून पाठमोरी काहीतरी लिहिलं. जिन्यावर तिची पावलं मध्येच थांबली. मग खाली गेली.

खारूताई उठून कागदापाशी गेली. वेळ लिहिली होती, एक वाजून चाळीस. आणि वेळेशेजारी, आईच्या गोल, स्वच्छ अक्षरात, सहा.

रुमालाचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

मग काय केलं तिने, सांगू? दोरीला लटकवलेलं पेन हातात घेतलं. सवयीने त्याचं टोपण दातांत धरायला गेली आणि अशी कळ आली की डोळे घट्ट मिटले. डोळे पुसले. सहावर एक सरळ रेघ मारली. शेजारी लिहिलं, चार. आणि खाली सही केली.