नानांची फियाट

“अक्का, त्याला सांग, हॉर्न डावीकडे होता,” निंबा म्हणाला.

“अक्का, त्याला सांग, उजवीकडे होता,” गाडीखालून प्रेमराजचा आवाज आला.

दिपमालाअक्का दोघांच्या मधे भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. “दोन्हीकडे लावा,” ती म्हणाली. “पण आधी चहा प्या. थंडा व्हई राहिना.”

दोघे सख्खे भाऊ, अक्का त्यांची थोरली बहीण. प्रेमराज थोरला, धुळ्याला देवपुरात राहायचा. आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवून निवृत्त झाला होता. धाकटा निंबा फैजपूरला केळी लावायचा. वडील, म्हणजे नाना, त्याच्याकडेच असायचे. नाना गेले तेव्हा पुराने रस्ता बंद होता. जाणत्यांनी घाई केली आणि प्रेमराज पोचायच्या तासभर आधी निंबाने अग्नी दिला. थोरल्या मुलाला बापाचं तोंडही दिसलं नाही. त्यानंतर नऊ वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नव्हते.

मग एका उन्हाळ्यात पारोळ्याहून अक्काचा दोघांनाही वेगवेगळा फोन गेला. नानांची चौसष्टची फियाट सापडली होती. नानांनी ती विकून पस्तीस वर्षं झाली होती, आणि आता ती चोपड्याकडे कुणाच्या तरी खळ्यात पडून होती. नंबरप्लेट गेलेली, रंग उडालेला, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. अक्काने ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आपल्या अंगणात पत्र्याखाली आणून ठेवली होती.

“तू येस का, का भंगारमा दी टाकू?” तिने दोघांनाही विचारलं.

दोघेही आले. दुसराही आलाय हे पाहून दोघेही परत निघाले. अक्का फाटकात आडवी उभी राहिली. “गाडी तरी पाहून जा.”

प्रेमराज गाडीखाली शिरला. निंबाने बॉनेट उघडलं. दुपारी अक्काने भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली तेव्हा दोघांचेही हात कोपरापर्यंत काळे होते.

पहिलं वर्ष नुसता गंज खरवडण्यात गेलं. तळ इतका खाल्ला गेला होता की आत बसलं तर पाय जमिनीला लागत. प्रेमराजने नवा पत्रा कापून वेल्डिंग केलं. निंबाने मोटरसायकलवर जाऊन मालेगावच्या भंगार बाजारातून कार्बोरेटर आणला. तो बसेना. मग दुसरा आणला. दर रविवारी दोन पावलं पुढं, एक मागं. बोलणं मात्र सगळं अक्कामार्फत.

दुसऱ्या वर्षी साखळीला टांगून इंजिन उतरवताना कडी सरकली.

“भाऊ, हात काढ!” निंबा ओरडला.

प्रेमराजने हात ओढला. इंजिन धाडकन खाली बसलं. प्रेमराजने बोटं उघडून-मिटून पाहिली. मग म्हणाला, “वाचलो रे निंब्या.”

त्या दिवसापासून अक्काची निरोप्याच्या कामातून सुटका झाली.

आता अंगणात आवाज वाढला. सीट तपकिरी होती की लाल, नाना गिअर टाकताना जीभ बाहेर काढायचे की नाही, यावर तासतास वाद व्हायचे. शेजारपाजारचे ऐकायला येऊन बसत. एकदा रंगाचा डबा सांडून निंबाचा सदरा अर्धा हिरवा झाला. प्रेमराज इतका हसला की त्याला उचकी लागली.

तिसऱ्या वर्षी ब्रेकमधली हवा काढायचं काम चाललं होतं. प्रेमराज चाकाशी आडवा पडला होता, निंबा आत पेडलवर पाय ठेवून बसला होता.

“दाब,” प्रेमराज म्हणाला.

निंबाने दाबला. मग एकदम म्हणाला, “भाऊ, त्या दिवशी मी थांबायला पाहिजे होतं.”

अक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“सोड,” प्रेमराज म्हणाला.

निंबाने पाय उचलला. चाकापाशी पान्याचा आवाज परत सुरू झाला.

चौथ्या वर्षी, दसऱ्याच्या आदल्या रविवारी, गाडी सुरू झाली. आधी खोकली, धूर सोडला, मग गुरगुरत राहिली. निंबाने प्रेमराजला मिठीच मारली. अक्काने बॉनेटला हळद-कुंकू लावलं आणि गल्लीभर पेढे वाटले.

दसऱ्याला तिघं पद्मालयाच्या गणपतीला निघाले. निंबा चालवत होता, प्रेमराज शेजारी, अक्का मागे नवं लुगडं नेसून राणीसारखी बसली होती. तीसच्या वर काटा जाईना. दूधवाले मोटरसायकलवरून पुढे जात आणि मागे वळून हात करत. प्रेमराज शेजारून हात घालून प्रत्येकाला हॉर्न देत होता.

एरंडोलला चहासाठी थांबले. अक्का गाडीतून उतरायला तयार नव्हती. दोघे भाऊ टपरीवर गेले.

“भाऊ, एक सांगू?” निंबाने आवाज खाली आणला. “अक्काला बोलू नको. ही नानांची गाडी नाही.”

प्रेमराजने कप खाली ठेवला.

“नानांची गाडी ज्याने घेतली, त्याने तेव्हाच तोडली,” निंबा म्हणाला. “माझ्या डोळ्यांदेखत.”

“मला पहिल्याच दिवशी कळलं,” प्रेमराज म्हणाला. “खाली शिरलो, चेसिस नंबर पाहिला. नानांच्या गाडीचा मला अजून पाठ आहे.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू येत होतास ना दर रविवारी.”

निंबाने तोंड फिरवलं. डोळे पुसले आणि मग हसायलाच लागला. प्रेमराजही हसायला लागला. टपरीवाला दोघांकडे बघत राहिला.

“अक्का बिचारी फसली,” प्रेमराज म्हणाला. “पण तिचा आनंद मोडायचा नाही. कधीच सांगायचं नाही.”

“कधीच नाही.”

तिकडे फियाटमध्ये अक्का पदराआड फोन धरून आपल्या लेकीशी, चोपड्याच्या ज्योतीशी बोलत होती.

“नही वं, दोन्हीस्ले अजून काहीच समजनं नही. आते तुना सासरानी ती जुनी जीप कोणलेच दिऊ नका. तीबी नानानीच व्हती म्हणीसन सांगसू.”